तुझ्याकडचा अर्धा पासवर्ड

जयवंत, तू गेल्यावर मी पहिलं काय केलं, सांगू? रडलो नाही. तुझ्या घरी माणसं बसली होती, खाली गल्लीत चपलांचा ढीग लागला होता, आणि मी गुपचूप जिना चढून आपल्या वरच्या खोलीत गेलो. तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तुझा अर्धा पासवर्ड ओळखायच्या मागे लागलो. आधी माझा अर्धा टाकायचा, त्याला जोडून अंदाजाने तुझा. तुझ्या मुलीचं नाव टाकून पाहिलं. गावदेवीचं टाकलं. मोटरसायकलचा नंबर टाकला. वहिनींचं माहेरचं नाव टाकलं, त्यांचं गाव म्हणून दिवाळेही टाकलं. दर वेळी एकच उत्तर, पासवर्ड चुकीचा. शेजारच्या घरून आलेला चहा कुणीतरी वर आणून दिला. तो मी पीत होतो आणि तुला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. खाली अजून तुझ्या फोटोला हारही घातला नव्हता.

लोकांना वाटलं, दत्ता वर जाऊन एकटाच रडतोय. वाटू दे म्हटलं.

मग शोकसभा झाली. सगळे गोड गोड बोलले. तू किती शांत, किती मदतीला धावून जाणारा, गावातल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणारा. तुझं सगळं आयुष्य त्यांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाचून दाखवलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. बोललो असतो तर सगळ्यांदेखत तुलाच विचारलं असतं, की जाताना एवढी एक गोष्ट सांगून जायला तुझ्या बापाचं काय जात होतं?

आपण नेमकं काय करतो हे तुझ्या मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. “म्हंजे तुमी इंटरनेट बनवता काय?” असं ते दर गणपतीला विचारायचे, आणि तू दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचास, “नाय मामा, आमी खिडकी बनवतो. इंटरनेट तिच्या बाहेर हाय.” मामा मान हलवायचे आणि मोदकाकडे वळायचे. मला हसू यायचं, पण खरं तर याहून सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही. जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनवर चालेल असा हलका ब्राउझर, सगळी बटणं मराठीत, नाव ‘पडवी’. पानं उघडणारं आतलं इंजिन दुसऱ्यांनी जगासाठी मोकळं ठेवलेलं, त्यावरचं घर आपलं. घणसोली गावातल्या कॉम्प्युटर क्लासात तो पहिल्यांदा चालला. मग दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीत, मग कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत, जिथल्या मशीनवर ट्रकचा धूर आणि पत्र्याची धूळ बसलेली असते. आपण दोघंच जाऊन त्या मशीनवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकायचो आणि वर पडवी. पैसा त्यात नव्हता. भांडणं मात्र भरपूर होती.

आणि भांडण कशावरून, तर बांधणीवरून. हे कुणाला सांगितलं तर हसतील. प्रोग्राम तयार होणं वेगळं आणि तो लोकांच्या मशीनवर पोचणं वेगळं. पोचवायचा तर तो कुठल्या ना कुठल्या पॅकेजात बांधावा लागतो. तुझं म्हणणं, डेब. छोटं गाठोडं, मशीनवर जे आधीच आहे ते वापरतं, नसेल तेवढंच मागून घेतं. ते आपल्या सर्व्हरवर ठेवायचं, त्याच्यावर आपला डिजिटल शिक्का मारायचा. लोकांची मशीन रोज येऊन बघणार, नवीन काही आलंय का, आणि शिक्का आपलाच असेल तरच आत घेणार. माझं म्हणणं, फ्लॅटपॅक. ते सगळं बिऱ्हाड बरोबर घेऊन येतं, जड असतं, पण कुठल्याही मशीनवर गुमान चालतं. शिवाय ते सगळ्यांच्या सामाईक स्टोअरात ठेवलं की शिक्का मारायचं काम त्या स्टोअरचं. आपल्या डोक्याला ताप नाही. तिसरा प्रकार अ‍ॅपइमेज, पेनड्राइव्हवर टाकून खिशातून नेता येईल अशी एकच फाईल. तिच्यावर दोघांचंही प्रेम नव्हतं, म्हणून तिच्यावरून कधी भांडण झालं नाही.

“कळंबोलीतला कारकून मोबाईलच्या नेटवर मशीन चालवतो,” तू म्हणायचास. “त्याला तुझं बिऱ्हाड उतरवून घ्यायला सांगतोस? दिवसाचा डेटा संपेल त्याचा.”

“आणि तुझं डेब त्याच्या जुन्या लिनक्सवर अडकलं की कोण जाणार? मीच ना?”

“जाऊ की दोघं.”

“आणि उद्या तुला काही झालं तर?”

“मला काय होतंय रे!”

हे तू हसत म्हणायचास. पाठीवर थाप मारून. आता ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायला तू मरेपर्यंत तयार नव्हतास, असं मी आत्ताआत्तापर्यंत समजत होतो. तुमची शेती शहरासाठी गेली, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि तू गावठाणातल्या घरावर मजले चढवून भाडेकरू ठेवलेस. माझा बाप साताऱ्याहून येऊन मार्केटात पाठीवर गोणी वाहत होता. म्हणून मला घाई आणि तुला निवांतपणा, असं मी एकदा तुझ्या तोंडावर म्हटलं होतं. तेव्हा तू पहिल्यांदाच चिडलास. “जमीन गेली ती काय मी निवांत बसायला दिली काय रे, सातारकर? एकदा दुसऱ्याच्या हातात दिलं की काय होतं ते आमच्याकडून शिक.” त्यानंतर मी फ्लॅटपॅकचा विषय बरेच दिवस काढला नव्हता. मला पटलं होतं असं नाही. तुझा चेहरा बघवला नव्हता, एवढंच.

ती अर्ध्या पासवर्डाची पद्धतही भांडणातूनच आली. मी एकदा नवीन आवृत्ती सोडली आणि तू मला न विचारता ती मागे घेतलीस, का, तर एका मेनूत काना सुटला होता. तेव्हा मी म्हटलं, यापुढे एकट्याने काही सोडायचं नाही आणि एकट्याने मागेही घ्यायचं नाही. शिक्क्याला एक लांबलचक पासवर्ड ठेवू, पहिला अर्धा माझा, दुसरा तुझा, एकमेकांना सांगायचा नाही आणि कुठे लिहायचाही नाही. तुला ही कल्पना इतकी आवडली की तू लगेच खुर्ची माझ्याकडे सरकवलीस आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. मी माझा अर्धा टाकला. मग मी भिंतीकडे, तू मशीनकडे. तुझा अर्धा टाकताना तू स्वतःशीच फिस्सकन हसलास, ते मला ऐकू आलं होतं.

त्यानंतर प्रत्येक वेळी हेच. आधी मी, मग तू, आणि ज्याची पाळी नाही त्याचं तोंड भिंतीकडे. खालून वहिनी भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवायच्या आणि म्हणायच्या, दोघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहता. शिक्का बसला की मग आपण जेवायचो. त्या जेवणाची चव दुसऱ्या कुठल्या जेवणाला आली नाही, हेही आज सांगून टाकतो. माझी महापेची नोकरी गेली त्या संध्याकाळी तू घरी आलास, बायकोसमोर मला धीर वगैरे दिला नाहीस, फक्त म्हणालास, “बरं झालं, आता दिवसापन भांडता येईल.” मला तेवढ्यावर झोप लागली होती. तुझे उपकार मी विसरलेलो नाही. तू मला विसरू देतही नाहीस. शिव्या घालायला बसलो की मध्येच हे आठवतं.

मग ते इंजिनातलं भोक सापडलं. वाईट नियतीच्या माणसाने बनवलेलं एखादं पान उघडलं तर त्यातून कुणीही मशीनमध्ये शिरू शकेल, असं. इंजिन बनवणाऱ्यांनी ते बुजवलं, आपण दुरुस्त इंजिन घेऊन नवी पडवी तयार केली, डेब बांधलं. आता फक्त शिक्का राहिला होता. मी माझा अर्धा टाकला, उठलो, भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या पाठीमागे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग एकच कळ टकटक वाजत राहिली, खोडायची. पुन्हा कळा. पुन्हा खोडणं. मग काहीच नाही. मी म्हटलं, “झालं का?”

“आज नको,” तू म्हणालास. “डेबमध्ये गडबड हाय.”

“कसली गडबड? आपण दोघांनी तपासलंय.”

“हाय ना. बोललो ना.”

मी वळलो तोवर तू जिन्यापर्यंत पोचला होतास. मला वाटलं, आला परत काना-मात्रा. चार दिवसांनी पुन्हा बसलो, तेव्हा तू फॉन्टचं काढलंस. नंतर म्हणालास, जुन्या लिनक्सवर आधी चालवून बघू. बघितलं. चाललं. तेव्हा तू म्हणालास, तुला डोळ्यांचा त्रास होतोय, नंबर वाढलाय. नवा चष्मा आला. तरी शिक्का नाही. मी रोज विचारायचो आणि तू रोज काहीतरी नवीन शोधून ठेवलेलं असायचंस. लोकांच्या मशीनवर ते भोक तसंच उघडं होतं.

आणि मग एक दिवस तू म्हणालास, “डेब बंद करून टाकू. तुझं फ्लॅटपॅक करू. स्टोअरात टाकू, ते मारतील शिक्का.”

इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी घसा कोरडा केला तेच तू एका वाक्यात माझ्या पुढ्यात टाकलंस, आणि कारण विचारलं तर म्हणालास, “बदलला विचार. मानसाने बदलू नये काय?” मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, तू माझी खोड काढतोयस. कारण ज्यांच्याकडे डेब आहे त्यांचं काय? त्यांची मशीन रोज येणार, आपल्याच शिक्क्याची वाट बघणार, आणि आपण दुसऱ्याच दारातून निघून जाणार? त्यांना निदान एक शेवटचं डेब तरी द्यायलाच हवं होतं, भोक बुजवलेलं. मी हे सगळं तुला सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तुझीच वाक्यं बोलतोय, कळंबोलीचा कारकून, त्याचा मोबाईल डेटा, सगळं. तुझी बाजू मी लढवत होतो आणि माझी तू.

“एक शिक्का मारायचाय फक्त,” मी म्हटलं. “बस खाली. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नाय मारनार.”

“का पण?”

“माझी मर्जी.”

“मर्जी? तू कोण, पडवीचा मालक?”

टेबलावरच्या माउसकडे बोट दाखवून “ते... ते उचल, पडेल” म्हणालास. त्याचं नाव घेतलं नाहीस. मला वाटलं, विषय बदलतोयस. मी म्हटलं, “जयवंत, लोक फसले ना, तर तुझ्या या हट्टापायी. लक्षात ठेव.” आणि निघून आलो. जिन्यात वहिनी भेटल्या, हातात ताट होतं. मी ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

ते आपलं शेवटचं बोलणं. यानंतर तू मला आणि मी तुला फोन केला नाही. तुझ्या डोक्यात गाठ आहे, हे तुला कधीच कळलेलं होतं. मला मात्र तू हॉस्पिटलात गेल्यावर कळलं, तेही वहिनींचा फोन आला म्हणून. मी वाशीला आलो. तोपर्यंत तुझं बोलणं गेलं होतं. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस आणि सावकाश कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस. मला तो राग वाटला. तुझी पाठ बघत मी जरा वेळ बसलो, वहिनींना म्हटलं, झोपू द्या त्याला, आणि परत आलो. आज वाटतं, कदाचित तू मला म्हणत होतास, टाक, तुझी पाळी आहे. पण हे मला खात्रीने कळायचा मार्ग तू ठेवला नाहीस, म्हणून मी त्यावर समाधान मानणार नाही.

तू गेलास. तुझा अर्धा गेला. शिक्का मेला. यातून बाहेर पडायचा एकच मार्ग होता, नवा शिक्का बनवायचा आणि लोकांना सांगायचं, जुनी पडवी काढून टाका, नवी हाताने घाला. कारण जुनी पडवी नव्या शिक्क्याला ओळखणारच नाही. तशी सूचना मी आपल्या साइटवर लावली. तू वारल्याचंही त्यात लिहिलं. लोकांनी दुःख वगैरे व्यक्त केलं, आणि मग एकाने लिहिलं, हा माणूस जाताना किल्ली बरोबर घेऊन गेला, म्हणजे मालकी दाखवून गेला. त्याखाली आणखी कुणी कुणी लिहिलं. मला ते खोडता आलं असतं. मी खोडलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. तुझ्याकडे वेळ होता. मरणार हे तुला ठाऊक होतं. एक अर्धा पासवर्ड माझ्या कानात सांगायला किती श्वास लागले असते?

सूचना वाचून कोण काय करतंय याचा भरवसा नव्हता, म्हणून मी खिशात पेनड्राइव्ह टाकून स्वतःच फिरायला लागलो. दोघांनाही नावडती ती अ‍ॅपइमेजच शेवटी कामाला आली. कळंबोलीत ते जाड मिशांचे मॅनेजर आहेत ना, ज्यांच्या टेबलावर मालाच्या पावत्यांची, बिल्टीबुकांची थप्पी असते, त्यांनी विचारलं, “जयवंतशेठ नाय आले?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मागच्या टायमाला आले होते, तेव्हा प्रिंटरकडे बोट दाखवून मला विचारतात, याला काय म्हणतात हो? मला वाटलं मस्करी करतायत. मी पण बोललो, याला तोफ म्हणतात. दोघं हसलो.”

मी त्यांच्या मशीनवर नवी पडवी घालत होतो. माझा हात थांबला, पण डोक्यात काही शिरलं नाही. राग इतका भरलेला होता की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

परवा वहिनींचा फोन आला. “घरच्या मशीनवरपन ती जुनीच पडवी हाय,” म्हणाल्या. “बँकेचं काम करायचंय. येऊन जा.” मी दुपारी गेलो. तुझा फोटो दिवाणखान्यात लावलाय, बरा आलाय. मी सरळ मशीनसमोर बसलो, जुनी पडवी काढली, नवी घातली. वहिनी दारात उभ्या होत्या. आत येऊन समोर बसल्या आणि आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर आपली साइट उघडलेली होती, खालची ती वाक्यं.

“तुमी वाचलंत ना हे?”

“वाचलं.”

“काढलं नाय मग?”

मी मोबाईल त्यांच्याकडे परत सरकवला.

“म्हंजे तुमालापन तसंच वाटतं,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम नाय दिला, असं.”

“मग कसं वाटायचं, वहिनी? मी इतक्यांदा विचारलं त्याला. हातापाया पडायचं तेवढं राहिलं होतं.”

“विसरले होते ते.”

मला कळलंच नाही. मी म्हटलं, काय विसरला?

“तो अर्धा. तुमचा तो पासवर्ड. त्यांना येतच नव्हता,” वहिनी म्हणाल्या आणि मग एकदम सगळं बोलत सुटल्या. “रोज सकाळी अंघोळ करून वर जाऊन बसायचे. टाकायचे, खोडायचे. टाकायचे, खोडायचे. घामाघूम व्हायचे. मी बोलले, भावजींना सांगा, ते काय परके हायत काय? तर माझ्यावर ओरडले. मला शपथ घातली. बोलले, त्याला कळलं तर तो बोलेल, जयवंत संपला. हट्टी बोलतो ना, बोलू दे. हट्टी मानसाशी तो भांडत तरी राहील.”

जयवंत, मी ते ऐकून ढसाढसा रडायला हवं होतं. मला आधी संतापच आला. हा मोठेपणा कुणी सांगितला होता तुला? मी तुझ्यावर ओरडत होतो आणि तू माझ्याकडून ओरडून घेत होतास, का, तर मी तुला विसरभोळा म्हणू नये म्हणून? सांगितलं असतंस तर मी दुसऱ्याच दिवशी नवा शिक्का केला असता. तू जिवंत असताना आपण दोघांनी मिळून पेनड्राइव्ह घेऊन कळंबोली पालथी घातली असती. तू नावं विसरला असतास, मी सांगितली असती. मला त्यात काय कमीपणा होता? तू फ्लॅटपॅकला हो म्हणालास, कारण तिथे शिक्का आपल्याला मारावा लागणार नव्हता. एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही, कारण माझं तोंड भिंतीकडे होतं आणि ती पद्धत मीच काढली होती. पण तोंड बंद ठेवायची पद्धत तुझी. तिचा हिशेब मी माझ्या नावावर घेणार नाही.

“हे लिहा तुमी,” वहिनी म्हणाल्या. “शपथ मला घातली होती, तुमाला नाय. लोक बोलतात मुद्दाम ठेवला. मुद्दाम नाय ठेवला. तेवढं लिहा.” म्हणून हे लिहितोय. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तुझी मर्जी आता चालणार नाही.

मी उठत होतो. वहिनी म्हणाल्या, “एक विचारू? शेवटीशेवटी मला सारखं विचारायचे, मी दत्ताला काय म्हनायचो गं? मी बोलले, दत्ताच म्हनायचात की. ते नाय, बोलले. मग सातारकर? तेपन नाय. टेबलावर हात आपटायचे. असा राग, असा राग. मला वाटलं, तुमचं नावच विसरले. पन नाव तर मीच सांगत होते ना? मग काय पायजे होतं त्यांना?”

मी परत खाली बसलो. मला कळलं होतं. पण ते वहिनींना कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून मी आधी माझा अर्धा सांगितला. शिक्का आता मेलेलाच आहे, लपवायचं काय? इतकी वर्षं प्रत्येक आवृत्ती सोडताना तुला भिंतीकडे उभं करून मी काय टाकत होतो, ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

“याच्याशी संसार करणारीला दंडवत.”

वहिनींना हसू फुटलं. पदर तोंडात धरून हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता रडायला लागल्या. “म्हंजे दर टायमाला मला दंडवत घालत होता?” म्हणाल्या. “आनि मी खालून तुमाला चटनी पाठवत होते!”

मग पदर सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं. मी जसं तुझ्यावर ठेवलं होतं, तसं तूही माझ्यावरच काहीतरी ठेवलं होतंस. स्वतःशी हसत जे टाकायचास ते. शेवटचे दिवस त्या मशीनसमोर बसून तू माझं नावच शोधत होतास, जे तू मला तोंडावर कधी म्हणाला नाहीस.

“काय असेल हो ते?” वहिनींनी विचारलं.

मला काय माहीत? शिवी असेल. गाढव, घाईखोर, डोकेफोड्या, काहीही असेल. मी त्यांना तसं सांगितलं आणि घरी आलो. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पण परवापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. जयवंत, तू मला काय म्हणायचास रे?